मागं वळला की फाऊल

बजाजनगरातल्या त्या शाळेत एक नियम आहे. तो कुठल्याही जीआरमध्ये सापडायचा नाही, पण पाळला मात्र सगळ्यात काटेकोर जातो: ज्या कामाला कोणी वाली नाही, ते काम पीटीच्या सरांचं. वर्गात कुत्रं शिरलं, बोलवा कडूबा सरांना. टाकीत पाल पडली, बोलवा कडूबा सरांना. साहेब लोक तपासणीला आले आणि स्वागतगीताची पेटी वाजवणारा ऐनवेळी पळाला, तरी बोलवा कडूबा सरांनाच. त्यामुळं विज्ञानाचे बिभीषण सर मतदारयाद्यांच्या कामाला गेले आणि नेमकं त्याच आठवड्यात शाळांच्या रोबोट स्पर्धेचं पत्र मुख्याध्यापिका सुलेखा मॅडमच्या टेबलावर येऊन पडलं, तेव्हा ते कोणाच्या गळ्यात जाणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

"मॅडम, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," सर म्हणाले.

"पण तो रोबोट पळतो ना?"

"पळतो म्हणतेत."

"मग झालं तर. शाळेत जे जे पळतं ते तुमच्याकडं," मॅडम म्हणाल्या आणि पत्रावर सही ठोकून मोकळ्या झाल्या.

आता हे कडूबा सर कोण, ते सांगायला पाहिजे. गडी मूळचा खुलताबादच्या अंगाच्या एका वाडीचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लहानपणी मेंढरांमागं पळून पळून पाय असे तयार झाले की गावच्या मास्तरांनी धरून खो-खोच्या पाटीवर बसवला, तो तिथून थेट विद्यापीठाच्या संघात जाऊन पोचला. मग गुडघा गेला आणि नोकरी आली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. शाळेच्या मागच्या पडीक जागेतले दगड आणि काचा त्यांनी पोरांना घेऊन वेचल्या, गावाकडच्या तळ्यातली गाळमाती टेम्पोनं आणून टाकली, रोज सकाळी तिच्यावर पाणी मारलं, रोलर ओढला. आज अख्ख्या जिल्ह्यात असलं खो-खोचं मैदान दुसरं नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात आणि ते खोटं पाडायच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्यांची बायको योगिनी म्हणते, या माणसानं लगीन मैदानाशी लावलंय, मी आपली उगीच वीस वर्षं पाटीवर बसून खोची वाट बघू राहिले.

तर असल्या माणसाच्या हातात रोबोट आला. म्हणजे रोबोट नव्हे, एक खोकं आलं. त्यात चार चाकं, दोन मोटरी, वायरींचा गुंता आणि एक इंग्रजी पुस्तक. पुस्तक सरांनी उलटसुलट करून बघितलं आणि चहाचा ग्लास ठेवायला वापरायला घेतलं.

संघात नववीची तीन पोरं. दिपाली ही खो-खो संघाची कॅप्टन. तिला कोणी घेतलं नव्हतं, ती स्वतःच येऊन बसली. "तुमाला एकटं सोडलं तर तुमी त्याला सूर्यनमस्कार घालायला लावताल," असं तिनं सरांना तोंडावर सांगितलं. अभयचे वडील वाळूजला एका कंपनीत फिटर, त्यामुळं अभयला पाना-पक्कड पाळण्यातच मिळालेली. आणि तिसरी राजनंदिनी. ही पोरगी दिवसातून चार वाक्यं बोलायची, पण चारही बरोबर निघायची. रोबोटनं काय करायचं ते कॉम्प्युटरवर लिहून द्यायचं काम तिचं.

खेळ समजायला सोपा होता. आठ फूट लांब, आठ फूट रुंद असा लाकडी चौकोन, भोवती वीतभर भिंत, मध्ये दोन खांब आणि सगळीकडं विखुरलेले बारा ठोकळे. दोन शाळांचे दोन रोबोट एकाच वेळी आत सोडायचे. रिमोट नाही, हात लावायचा नाही. यंत्रानं आपल्या अकलेनं तीन मिनिटांत जास्तीत जास्त ठोकळे आपल्या कोपऱ्यातल्या घरात नेऊन टाकायचे. ज्याचे जास्त तो जिंकला.

पहिल्या आठवड्यात रोबोटचा मेंदू, म्हणजे त्याचा बोर्ड, जळाला; अभयनं वायरी उलट्या जोडल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरा बोर्ड गेला, त्यावर सरांचा चहा सांडला होता.

"कामून सारखं मरू राहिलंय हे?" दिपाली वैतागली.

"नाव काय ठेवलं होतं त्याचं?" सरांनी विचारलं.

"वज्र."

"हां, इथंच चुकलं." सर खुर्ची ओढून बसले. "माझ्या आधी माझ्या आईची दोन लेकरं गेली. तिसरं तरी टिकावं, कोणाची नजर लागू नये, म्हणून माझं नाव कडूबा ठेवलं. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मी काही मरायचं नाव घेईना. याचं नाव कचरू ठेवा."

कचरू जगला. जगण्याचं कारण नावात नसून नव्या फ्यूजमध्ये आहे असं अभयनं दोनदा समजावून सांगितलं, पण नाव तेच राहिलं. स्पर्धेच्या फॉर्मवरसुद्धा तेच गेलं.

फक्त कचरूच्या अंगात एक खोड होती. त्याची एका बाजूची मोटर आळशी निघाली. सरळ नीट जायचा, उजवीकडंही बऱ्यापैकी वळायचा, पण ठोकळा धरून जागच्या जागी मागं फिरायला लावलं की अर्धाच फिरायचा आणि मग आपलं घर कुठलं याचा त्याला पत्ताच राहायचा नाही. भर उत्साहात ठोकळा नेऊन दुसऱ्याच्या घरात टाकायचा. नवी मोटर मागवली तर ती स्पर्धा उरकल्यावर आली असती. पोरं डोकं धरून बसली होती आणि सर त्यांना पारले बिस्किटं आणून देत होते, कारण प्रशिक्षक म्हणून तेवढंच त्यांना येत होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी संस्थेचे अध्यक्ष अप्पाराव साहेब प्रार्थनेला हजर झाले. साहेबांनी कचरूला उचलून फोटो काढला, उलटा धरला होता, पण सांगणार कोण. मग माईक हातात घेतला.

"हा आपला संघ जर राज्याच्या स्पर्धेला गेला," साहेब गरजले, "तर मी शब्द देतो, याच मैदानावर, बरं का, याच मैदानावर दोन मजली रोबोट लॅब उभी करतो!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखा मॅडमनी वाजवल्या. कडूबा सरांनीसुद्धा वाजवल्या, आणि चार-पाच वाजवून झाल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्याच दुपारी साहेबांचे मेहुणे टेप घेऊन आले. बांधकामाचा धंदा मेहुण्यांचा, हे आता वेगळं सांगायला लागतं का? टेपचं एक टोक त्यांनी शाळेच्या भिंतीला लावलं आणि दुसरं ओढत ओढत खो-खोच्या खांबाच्या पलीकडं नेलं. चुन्यानं खुणा केल्या, कपाळाचा घाम पुसला, "माती चांगली हे, पाया लवकर खंदला जाईल," असं कौतुक केलं आणि निघून गेले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सरांची गत झाली. पोरं जिंकली तर मैदान जातंय. मैदान ठेवायचं तर पोरं हरायला पाहिजेत. साहेबांना सरळ जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. गेलेही. छाती पुढं काढून संस्थेच्या ऑफिसात साहेबांसमोर उभे राहिले.

"बोला कडूबा, काय अडचण?"

"अडचण काही नाही साहेब. नमस्कार करायला आलतो."

नमस्कार करून परत आले. असा हा वाघ.

मग वाघानं दुसरा विचार केला, आणि तो विचार चांगला नव्हता. दुपारच्या सुट्टीत कोणी नसताना त्यांनी कचरूचा एक स्क्रू ढिला करायला हातात पेचकस घेतला. पण कचरूच्या पोटातल्या वायरींना अभयनं लाल-काळ्या चिकटपट्ट्या लावून वर नावं लिहिली होती, "ही डावी", "ही उजवी", "हिला हात लावू नका". सरांनी पेचकस खाली ठेवला. उघड उघड पाप करायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यांनी झाकलेलं पाप शोधलं: पोरांना सल्लाच असा द्यायचा की ती आपोआप हरतील.

"पोरांनो, इकडं या," दुसऱ्या दिवशी सर गंभीर तोंड करून म्हणाले. "दिपाली, खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की?"

"मागं वळला की फाऊल."

"मग परत यायचं कसं?"

"म्होरल्या खांबाला वळसा घालून."

"बरोबर. कचरूला मागं वळताच येत नाही ना? मग वळवूच नका. दोन्ही खांब उजव्या हाताला ठेवायचे आणि एकाच अंगानं पळत सुटायचं. गोल, गोल, गोल. थांबायचं नाही, वळायचं नाही. जे पुढ्यात येईल ते लोटत न्यायचं."

असं यंत्र तीन मिनिटं घाण्याच्या बैलासारखं फिरेल आणि चक्कर येऊन पडेल, असा सरांचा हिशोब होता. अभय डोकं खाजवायला लागला. राजनंदिनीनं छताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

"चूक प्रत्येक वळणाला सारखीच होईल," ती म्हणाली.

"तेच तर!" सर खुशीत म्हणाले.

"म्हणजे एकदाच दुरुस्त करायची," राजनंदिनी म्हणाली आणि लिहायला बसली.

सरांची खुशी तिथंच आटली. पुढच्या चार दिवसांत अभयच्या वडिलांनी पत्र्याचं एक सूप बनवून दिलं. ते कचरूच्या तोंडाला बसवलं. आता कचरू पळता पळता ठोकळे सुपात गोळा करायचा आणि घराच्या कोपऱ्याशी उजवीकडं वळला की ते आपोआप घरात घरंगळायचे. पहिल्याच चाचणीत त्यानं सात ठोकळे घरात टाकले. पोरं ओरडली, नाचली, अभयनं कचरूचा मुका घेतला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मनात म्हणत सर मटकन बाकावर बसले.

"सर, तुमी लई डोकेबाज हायेत," दिपाली म्हणाली. "आमी तुमाला उगीच हसायचो."

त्या दिवशी सरांना भाकर गोड लागली नाही. योगिनीनं विचारलं, काय झालं, तर म्हणाले, पोरं हुशार निघाली. यावर माणूस का रडकुंडीला येतो हे तिला कळेना.

जानेवारीत स्पर्धा झाली, छावणीच्या पुढच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. शहरातल्या मोठमोठ्या शाळांची पोरं कोट घालून आली होती. त्यांच्या रोबोटांना नावं होती टायटन, अल्फा, फिनिक्स, आणि ठेवायला स्पंज लावलेल्या पेट्या होत्या. कचरू चपलांच्या खोक्यात आला होता. निवेदिकेनं पहिल्यांदा त्याचा उच्चार "कॅचरू" केला, तेव्हा अभय उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कॅचरू नाय मॅडम, कचरू. कचऱ्यातला." सभागृह हसलं. पोरं मुळीच लाजली नाहीत. लाजले ते सर.

पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. सर दर फेरीला मनातल्या मनात म्हणायचे, आता हरतेत, आता हरतेत, आणि कचरू आपला सूप पुढं करून फिरतोय. अंतिम फेरीत समोर आला टायटन. भारी यंत्र होतं. जागेवर गर्रकन फिरायचं, ठोकळा अलगद उचलायचं, घरात नेऊन मांडायचं. पहिल्या दोन मिनिटांत टायटनचे पाच, कचरूचे तीन. सरांना हायसं वाटलं. मैदान वाचलं, आता पोरांना नगर नाक्यावर भजे खाऊ घालू, थोडं समजावू, झालं.

मग त्यांची नजर दिपालीवर गेली. पोरगी दोन्ही हातांच्या मुठी तोंडाशी धरून उभी होती. राजनंदिनीनं डोळे मिटून घेतले होते. अभय कचरूबरोबर अंगानं उजवीकडं झुकत होता. एकोणीस वर्षं ज्या माणसानं पोरांना हरताना बघून जेवण टाकलं, तो एकदम जागेवरून उठला. काय कडूबा, काय करायला निघालास तू, असं कोणीतरी आतून विचारलं.

"पळ कचरू!" सर ओरडले. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघायला लागलं. "पळ रं माझ्या राजा! सोडू नको! खांब धर, खांब!"

कचरूला कान नव्हते. तरी तो पळाला, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. आणि इथं टायटनचं घोडं पेंड खायला लागलं. टायटन शिकलेला होता: वाटेत काही आलं की थांबायचं, बाजूला व्हायचं, वाट मोकळी व्हायची वाट बघायची. आणि दर बारा-पंधरा सेकंदांनी खांबाला वळसा घालून कचरू यायचाच. टायटन थांबायचा. कचरू गेला की टायटन निघायचा, तोवर कचरू पुन्हा हजर. शिकल्यासवरल्या यंत्राला त्या अडाण्यानं शेवटचं अख्खं मिनिट नुसतं "आधी तुम्ही" करायला लावलं आणि सुपातून चार ठोकळे घरात नेऊन टाकले. शिट्टी झाली तेव्हा सातास पाच.

संघ राज्याला गेला. परीक्षकांनी माईक पुढं केला आणि विचारलं, ही एकाच दिशेनं पळायची कल्पना कोणाची? तिन्ही पोरांनी एकाच वेळी सरांकडं बोट केलं. सर मान खाली घालून उभे राहिले. लोकांना वाटलं, किती विनम्र माणूस आहे.

परत येताना नगर नाक्यावर गाडी थांबवली, भजे घेतले. पोरं तर हवेत होती.

"सर, राज्याला कोणती युक्ती काढायची?" दिपालीनं विचारलं. "तुमच्या डोक्यात आजून किती हायेत अशा?"

सरांनी तोंडाशी नेलेलं भजं परत कागदात टाकलं. मार परवडला असता, पण हे कौतुक नाही. त्यांनी कागद खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मेहुण्यांचा टेप, चुन्याच्या खुणा, पेचकस, आणि मग ती युक्ती. "तुमी हरावं म्हणून सांगितली होती," ते म्हणाले. "मैदान वाचावं म्हणून."

अभय हसला. सर चेष्टा करू राहिलेत असं त्याला वाटलं. मग त्यानं सरांचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"साहेबाला बोललात का तुमी?" दिपालीनं विचारलं. "ग्राउंड देऊ नका म्हणून?"

"गेलतो. तोंडातून निघालंच नाही."

"साहेबाला चार शब्द बोलायची हिंमत नाय, म्हणून आमाला हरवायचं ठरवलं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्तच लागत होता. "आमी स्वस्त पडलो व्हय?"

राजनंदिनी गाडीत जाऊन बसली. उरलेले भजे कोणी खाल्ले नाहीत, ड्रायव्हरनं खाल्ले. पुढचा आठवडाभर तिघं सरांशी बोलली नाहीत. सकाळी मैदानावर दिपाली यायची, संघाला पळवायची, सर समोर असले तर त्यांच्या आरपार बघायची. कोणी नेमानं शिव्या घातल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

शनिवारी सत्कार ठेवला होता. मैदानातच मांडव घातला, चुन्याच्या खुणांवर गालिचे अंथरले. पालक आले, दुसऱ्या पाळीवर जाणारे कंपनीच्या गणवेशातच आले. दोन वार्ताहर पहिल्या रांगेत बसले. साहेबांनी भाषणात लॅबचे दोन मजले वाढवून तीन केले. मेहुणे स्टेजच्या बाजूला हार घेऊन उभे होते. मग सरांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि साहेब म्हणाले, "आता या विजयाचे शिल्पकार दोन शब्द बोलतील."

सर पायऱ्या चढून माईकपाशी गेले. समोर तिसऱ्या रांगेत तिघं बसलेली, दिपाली हाताची घडी घालून. सरांनी नारळ टेबलावर ठेवला.

"मी या माईकवर एकोणीस वर्षांत सावधान-विश्राम सोडून काही बोललेलो नाही," ते म्हणाले. "पोरं माझ्यामुळं जिंकली म्हणतेत. खोटंय. मी त्यांना हरवायला निघालो होतो."

मांडवात हशा पिकला.

"हसू नका, खरंय. ही जिंकली तर हे मैदान जाणार होतं. साहेबांना नको म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी लेकरांचा घात करायला गेलो. मुद्दाम खराब युक्ती सांगितली. त्या युक्तीचं त्यांनी सोनं केलं, ती त्यांची अक्कल. ही शाल माझी नाही." त्यांनी शाल काढून नारळावर टाकली. सुलेखा मॅडम पदराच्या काठाची वीण तपासायला लागल्या. "आता जे तेव्हा बोलायला पाहिजे होतं ते बोलतो. साहेब, लॅब बांधा. पोरांनी ती जिंकलीय. पण इथं नको. वरच्या मजल्यावर तीन खोल्या कुलपात आहेत, त्यात तुमच्या मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स आणि खुर्च्या पडल्यात. ते काढलं की लॅब उद्या सुरू होते. मैदान द्यायचं नाही. माझी बदली करा, काय वाटेल ते करा, पण मैदान द्यायचं नाही. तुमच्या मेहुण्यांना म्हणावं, टेप गुंडाळा."

मग मागच्या रांगेतून कोणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ती दिपालीच्या आईची होती, हे नंतर कळलं. मग सगळ्या मांडवानं टाळ्या धरल्या, कंपनीचे गणवेशवाले तर उभे राहिले. वार्ताहरानं जागेवरून विचारलं, "साहेब, मग मैदानाचं आणि लॅबचं काय ठरलं?"

अप्पाराव साहेबांनी मांडवाकडं बघितलं, वार्ताहराच्या वहीकडं बघितलं, तोंडभर हसले आणि म्हणाले, "बघू."

आता साहेबांचं "बघू" म्हणजे काय, ते या संस्थेत नोकरी केल्याशिवाय कळायचं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार २०१४ पासून "बघू"मध्ये आहे. एकदा साहेब बघू म्हणाले की ती गोष्ट या जन्मी होत नाही, आणि त्यांनी ते मैदानाविषयीही म्हटलं होतं आणि लॅबविषयीही. मेहुण्यांनी आपल्या हातातला हार स्वतःच घरी नेला.

संध्याकाळी मांडववाले गालिचे गुंडाळून गेले तेव्हा सर मैदानात एकटेच झारीनं पाणी मारत होते. तिघं आली.

"लॅब गेली," अभय म्हणाला.

"गेली," सर म्हणाले.

"आमी जिंकलेली," दिपाली म्हणाली.

"व्हय. ती माझ्यामुळं गेली." सरांनी झारी खाली ठेवली. "आणि तुमचा घात मी केला, तो लॅब जाण्याआधीच केला होता. मला माफ करा. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटू राहिलीय."

दिपालीनं बाकीच्या दोघांकडं बघितलं. अभयनं खांदे उडवले. राजनंदिनी विचार करत होती.

"दहा," ती म्हणाली.

"काय दहा?"

"राउंड," दिपाली म्हणाली. "मैदानाला. पळत. चालायचं नाय."

"गुडघा आहे माझा."

"म्हणून दहा. नायतर पंचवीस होते."

सर पळायला लागले. अठ्ठेचाळीस वर्षांचं शरीर, सत्कारासाठी घातलेली इस्त्रीची पॅन्ट, आणि ओल्या मातीत थपाथप पाय. पहिल्या राउंडला तिघं हसली नाहीत. तिसऱ्याला अभय हसला. पाचव्याला दिपाली ओरडायला लागली, "गुडघे वर, सर, गुडघे वर!" आणि त्या आवाजात राग होता की काय होतं हे सरांना कळेना, पण आठवडाभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती आणि त्यांना रडू यायला लागलं. सातव्या राउंडला मात्र दम संपला. ते खांबाला टेकून खाली बसले. गुडघा ठणकत होता, शर्ट पाठीला चिकटला होता.

"बाकीचे तीन उद्या करतो," ते म्हणाले.

"तुमी आमाला कधी उद्यावर सोडलं, सर?" दिपालीनं विचारलं.

सोडलं नव्हतं. एकोणीस वर्षांत एकालाही नाही. सर खांबाला धरून उठले आणि उरलेले तीन धावले.